चौथा फोटो

जळगाव
१० मार्च २०२५

प्रिय डिंपल,

कशी आहेस? भूषणजिजू, सासूबाई सगळे बरे असतील. आमच्याकडे आई-आबा ठीक. आईचे गुडघे थंडी गेल्यापासून जरा ऐकतात. आबांना एसटीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी सहाला दाढी करून तयार, जसं काही डेपोत हजेरी लावायची आहे. ऊन आतापासूनच चटके देतंय.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. जानेवारीपासून तुझा फोन लागत नाही, मेसेजला एकच टिक येते. नंबर बदलला असशील असं धरून चालले. तुझा भाऊ, हितेंद्रदादा, बाजारात भेटला होता, त्याला विचारलं तर "तुझ्या मैत्रिणीचं तिलाच विचार" म्हणाला आणि गाडी सुरू करून निघून गेला. म्हणून हे तुझ्या धुळ्याच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते. घरच्या पत्त्यावर नको वाटलं.

माझी बातमी चांगली नाही. माझं खातं बंद झालं. फोटो विकायची ती साइट, जिच्यासाठी तुला मी नशिराबादच्या तुमच्या केळीच्या बागेत तीन तास उभं ठेवलं होतं, आणि सुनंदामावशी "पोरीला चक्कर येईल" म्हणून ओरडत आल्या होत्या, तीच. ४ फेब्रुवारीला सकाळी उघडायला गेले तर तीन ओळी: तुमच्या खात्यात नियमांचं उल्लंघन आढळलं आहे, खातं स्थगित केलं आहे, सुरक्षेच्या कारणास्तव अधिक तपशील देता येणार नाही. खाली कोणाचं नाव नाही.

नऊ वर्षांचं काम, डिंपल. सहा हजारांवर फोटो. कापूस वेचणाऱ्या बायकांचे हात, पारोळ्याच्या किल्ल्याची भिंत, पहूरच्या बाजारातल्या मिरच्या, आबांची खाकी टोपी. कोण कुठला माणूस विकत घ्यायचा आणि कुठल्या जाहिरातीत, पुस्तकात, कॅलेंडरवर लावायचा, मला कधी कळायचं नाही. पण घर त्यावर चालत होतं. आता कॉलेज रोडच्या एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढते. कान दिसू द्या, मान सरळ, हसू नका. दिवसभर तेच.

कंपनीला मी अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा त्याच तीन ओळी आल्या. आबा रोज संध्याकाळी विचारतात, "काही आलं का?" नाही म्हटलं की म्हणतात, "सस्पेंड केलं तर चार्जशीट तरी देतात गं. डेपोत कंडक्टरलाही द्यायचे. आपली चूक काय ते तर सांगायला पाहिजे." मी त्यांना काय सांगू? चूक काय ते मलाच माहीत नाही. रोज जुने फोटो काढून बसते आणि चूक शोधते.

तुझ्याकडे एक काम होतं. माझ्यासारखे फोटो विकणारे लोक आपसात बोलतात, त्यांचं म्हणणं, बरेचदा संमतीपत्रात घोळ निघतो. ज्याचा फोटो, त्याची सही लागते ना, तो कागद. मी अपील करतेय, त्यासोबत सगळ्यांची नवी संमतीपत्रं जोडीन म्हणते. तुझे चार कोरे फॉर्म सोबत ठेवलेत, तिकीट लावलेलं पाकीटही आहे. पहिला केळीच्या बागेचा, दुसरा लायब्ररीतला, तिसरा पतंगाचा. चौथा मागच्याच्या मागच्या भाऊबिजेचा, तुमच्या गच्चीवरच्या खोलीतला. त्याचं फार काही नाही, नुसती सही कर. तारीख मी टाकीन.

उत्तर लवकर दे. अपिलाची मुदत एप्रिलअखेर आहे.

तुझी,
मृणाली

•

जळगाव
१३ एप्रिल २०२५

डिंपल,

हे पत्र तुझ्या हातात कसं द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. आधी लिहून तर काढते.

परवा शुक्रवारी मी धुळ्याला आले होते. तुला सांगितलं नसणार कोणी.

पहिल्या पत्राचं उत्तर नाही म्हणून निघाले. खरं सांगायचं तर सह्यांसाठी निघाले. पारोळ्यात गाडी अर्धा तास थांबली, ड्रायव्हर चहाला गेला होता आणि मी मनातल्या मनात तुझ्यावर चिडत होते, की एवढं एक काम सांगितलं तर हिला चार सह्या होत नाहीत.

तुझ्या शाळेत गेले. ज्योतीमॅडम चांगल्या आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि टेबलाच्या खणातून माझंच पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. न फोडलेलं. म्हणाल्या, "डिंपलमॅडमनी फेब्रुवारीत शाळा सोडली. घरच्यांनी सोडायला लावली. हे नंतर आलं. घरी पाठवावं की नाही, कळेना."

"का सोडायला लावली?" मी विचारलं.

त्या उठल्या आणि मला ऑफिसबाहेरच्या बोर्डाकडे घेऊन गेल्या. लसीकरणाचं वेळापत्रक, सहलीचा फोटो आणि त्यांच्यामध्ये एक जांभळं पत्रक. 'घरातला मार मुकाट्याने सोसू नका. या नंबरवर फोन करा.' वर अर्धं पान भरून तू. खिडकीशी बसलेली, चेहरा अर्धा उजेडात, डाव्या डोळ्याखाली डाग. माझा चौथा फोटो.

"जानेवारीत एका संस्थेने गावभर वाटली ही पत्रकं," मॅडम म्हणाल्या. "दवाखान्यात, स्टँडवर, शाळांत. संस्थेचा हेतू चांगलाच होता. पण इथे सगळ्यांनी ओळखलं. तिच्या घरचे आले होते. नवरा फाटकाबाहेर उभा राहिला, सासूबाई आत येऊन बोलल्या. आमच्या घराची अब्रू हिने भिंतीवर लावली म्हणे. डिंपलमॅडम सांगत होत्या, मी कुठे काही दिलं नाही, मला माहीतसुद्धा नाही. कोण ऐकतंय?" मग म्हणाल्या, "बाकी सगळीकडची काढली त्यांनी. हे आमच्या भिंतीवरचं मी काढू दिलं नाही. नंबर कोणाच्या तरी कामी येईल म्हणून ठेवलंय."

मी तो फोटो काढलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग देवपुरात तुझ्या घरी गेले. तुमच्या शेजारच्या ताईबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. तुझं नाव घेतल्यावर हळूच म्हणाल्या, "घरमाच शे ती. आते कुठेच नही जास." तू घरातच आहेस, एवढं कळलं. पण सासूबाईंनी दार अर्धं उघडून सांगितलं, "माहेरी गेलीय." त्याच वेळी आत कुकरची शिटी झाली आणि कोणीतरी उठून गॅस बारीक केला. तूच असशील.

सासूबाईंनी नाव विचारलं. मग, "आडनाव काय म्हणालीस?" सुरवाडे, मी म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पाणी दारातच दिलं. थोडं बोलणं झालं आणि मी निघाले.

तेव्हापासून तुझ्यापुढे बसून एक गोष्ट सांगायची आहे. समोर नाहीस म्हणून जमतंय.

त्या भाऊबिजेला तू गच्चीवरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतीस. मी आले, तुझा चेहरा बघितला आणि विचारलं, "हे काय?" तू म्हणालीस, "ओट्यावरून पाय घसरला." मी म्हटलं, "अगं, जपायचं ना." बस, एवढंच. मग मी म्हटलं, "थांब, तशीच बस, उजेड काय सुंदर आहे." तू विचारलंस, "पूर्ण चेहरा नाही ना येणार?" मी म्हटलं, "अर्धाच." तू म्हणालीस, "घरच्यासाठीच ना?" त्यावर मी काय म्हणाले आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं सोपं आहे. मी "हं" म्हणाले.

साइटवर फोटो टाकताना त्याच्याखाली शब्द लिहावे लागतात, लोकांना शोधता यावा म्हणून. जास्तीत जास्त पन्नास. मी इंग्रजीत लिहायचे, तुला मराठीत सांगते. स्त्री, खिडकी, एकटी, भारत इथून सुरुवात केली. नंतर लिहिलं: जखम. भीती. विवाहित. नवरा. मारहाण. अत्याचार. गप्प. मदत.

म्हणजे मला माहीत होतं, डिंपल. ओट्यावरून पडलेल्या बाईच्या फोटोखाली कोणी 'नवरा' लिहीत नाही. तुला एक प्रश्न विचारायला माझी जीभ उचलली नाही, आणि त्याच संध्याकाळी हे सगळे शब्द मी एका दमात टाइप केले. तुझी सहीही घेतली नाही. २०१९चा तुझा जुना फॉर्म होता, त्याची तारीख बदलून तोच जोडला.

तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंत जास्त विकला गेला.

खातं बंद झालं तेव्हा मी सहा हजार फोटोंत चूक शोधत होते, आणि हा एक फोटो रोज पुढे ढकलत होते. त्यामुळेच बंद झालं का? माहीत नाही. कंपनी सांगत नाही. कदाचित मिरच्यांच्या फोटोमुळे झालं असेल. पण कारण दिलं नाही की माणूस आपल्या सगळ्या चुका बाहेर काढून बघतो, आणि ही पहिली निघाली.

उद्या जयंती. गल्लीत निळ्या पताका लागल्यात, आबा सकाळपासून पांढऱ्या शर्टाच्या इस्त्रीमागे आहेत. दर वर्षी मिरवणुकीचे फोटो मी काढते. या वर्षी कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही, आबांना सांगितलं बॅटरी गेलीय.

मृणाली

•

जळगाव
२२ जून २०२५

डिंपल,

हितेंद्रदादा काल स्टुडिओत आला होता. तू नशिराबादला आल्याचं त्याच्याकडूनच कळलं. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, तेही.

तो आत आला तेव्हा एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं. ते जाईपर्यंत दादा दाराशी थांबला. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर एका कागदाचा फोटो होता.

"हे अक्षर तुझं आहे?"

"हो."

"तूच लिहून दिलंस? कोणी हात धरला होता का तुझा?"

"नाही."

"आम्ही तक्रार दिली. भूषणच्या वकिलाने हा कागद पुढे केला. म्हणतो, फोटो खोटा, आता मनगटही पडूनच मोडलं. मुलीला नाटकं करायची सवय आहे, तिची मैत्रीणच लिहून देतेय." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आई तुला मुलीसारखं वागवायची, मृणाली. का लिहिलंस?"

याचं उत्तर आधी तुझं आहे. तुला देते.

एप्रिलच्या पत्रात मी लिहिलंय, 'थोडं बोलणं झालं आणि मी निघाले.' ते थोडं बोलणं असं होतं. मी वळले तेव्हा सासूबाईंनी मागून हाक मारली, "फोटोवाली तूच ना?" मी हो म्हटलं. त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, तुझ्या त्या फोटोपायी घरात रोज कटकट चाललीय. भूषणला ऑफिसात लोक हसतात. तू दोन ओळी लिहून दे, की रंग लावून काढला, नुसता देखावा होता. तिचंच भलं होईल. तोही शांत होईल."

मी तुझ्यासाठी लिहिलं, असं मला सांगता आलं असतं. बसमध्ये येताना मी स्वतःला तेच सांगत होते. पण ते खरं नाही, निदान सगळं नाही. अपिलाच्या फॉर्ममध्येही नेमकं हेच वाक्य हवं होतं: छायाचित्रातला प्रसंग मॉडेलच्या संमतीने उभा केलेला आहे. त्यांच्या ओट्यावर बसून मी लिहिलं, 'सदर फोटो मेकअप करून काढला आहे. डिंपलला कोणतीही मारहाण झालेली नव्हती.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख, फोन नंबर. आणि कागद त्यांच्या हातात देण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. त्याच दिवशी इंग्रजी करून कंपनीला पाठवला. एका कागदात दोन्ही कामं होतील असं वाटलं होतं.

कंपनीकडून त्याच तीन ओळी आल्या.

तू आत कुकरपाशी होतीस आणि मी बाहेर तुझ्याविरुद्ध लिहून देत होते. याच्याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

मे महिन्यात तो फोटो काढून टाका म्हणून मी कंपनीला लिहिलं. सगळं खरं लिहिलं, की संमती नव्हती, तारीख मी बदलली, जखम खरी होती. उत्तरात पुन्हा त्याच तीन ओळी. खातं स्थगित असल्यामुळे त्यातल्या फोटोंबाबत मला काही करता येत नाही, एवढी एक ओळ जास्त. खोटं लिहिलं तेव्हा तेच, खरं लिहिलं तेव्हाही तेच. ज्यांनी आधी विकत घेतलाय त्यांच्याकडे तो राहणार. तो परत आणायचा माझ्याकडे काही मार्ग नाही. लिहिणं आता थांबवलंय. आबांनी मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, "काही आलं का?" तेव्हा त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. तुझ्या फोटोचं, कागदाचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि बाहेर निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. खात्याबद्दल त्यानंतर त्यांनी विचारलेलं नाही.

दादाला मी म्हटलं, मी धुळ्याला येऊन जबाब देते, कागद खोटा आहे म्हणून सांगते. तो म्हणाला, "आमचा वकील म्हणतो, आधी एक लिहून दिलं, आता दुसरं सांगणार, अशा बाईचं कोण धरणार? उलट तुझ्यावरच शेकेल." शेकू दे, म्हटलं. मी त्याला विचारलं, घरी येऊ का. "नको. ती तुझं नाव काढत नाही. लिहायचं ते लिही. मी नेऊन देईन. वाचायचं की नाही ते तिचं ती बघेल." म्हणून हे पत्र. आधीची दोन्ही सोबत ठेवलीत. पहिलं शाळेतून परत आलेलं, दुसरं पाठवायची हिंमत न झालेलं. त्यात काही खोडलेलं नाही. पहिल्या पत्रातलं माझं बोलणं आता वाचवत नाही, पण तेही तुझ्याकडे असू दे.

आता मुद्द्याचं. साइटवर गेलेला फोटो एकच होता. त्या दिवशी मी एकूण अडतीस काढले होते. मूळचे सगळे माझ्याकडे आहेत, प्रत्येकावर तारीख आणि वेळ आहे. डाग जवळून दिसतो, डोळ्यातलं लालही दिसतं. रंग लावून तसं होत नाही, हे कोणत्याही डॉक्टरला कळेल. माझ्या शब्दाला किंमत नसली तरी त्यांना असेल. पेन ड्राइव्ह पाकिटात आहे. माझ्या कॉम्प्युटरवरचे मी तसेच ठेवलेत, पण तू सांगितल्याशिवाय कोणाला दाखवणार नाही. पोलिसांनाही नाही. एकदा तुला न विचारता तुझा चेहरा मी दुसऱ्यांच्या हातात दिला. या वेळी दादाकडे नुसतं हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर पुसून टाकीन.

काल मी ते अडतीसही पहिल्यांदा नीट बघितले. सातव्या फोटोत तू खिडकीकडे बघत नाहीस. सरळ माझ्याकडे बघतेस. तोंड उघडं आहे, हात घडी घातलेल्या साडीवरून थोडा उचललेला. काहीतरी सांगायला लागली होतीस. आठव्यात तू पुन्हा खिडकीकडे वळलेली आहेस, ओठ मिटलेले. मधे मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "बोलू नकोस गं, फोटो हलतो."

दोन्ही फोटोंमध्ये चार सेकंदांचं अंतर आहे.

काय सांगणार होतीस ते आता मला सांगू नकोस. ते ऐकायचा माझा वेळ गेला. गुरुवारी धुळ्याच्या पोलीस ठाण्यात एक बाई समोर बसून विचारतील, असं दादा म्हणाला, त्यांना सांग. सगळं सांग, सावकाश सांग.

माझा जबाबही मी त्याच दिवशी मागून घेतलाय, अकरा वाजता. मी सकाळच्या पहिल्या गाडीने येईन आणि बाहेरच्या बाकावर बसेन. तू येताना-जाताना माझ्याकडे बघायची गरज नाही.

मृणाली वाल्मीक सुरवाडे